मांजरीला गेलेला अंक

तीन डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झालं. सोळा तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्या दरम्यान पुण्यावर एकही बॉम्ब पडला नाही.

पडेल, असं मात्र सगळे धरून चालले होते. मंडईजवळच्या आमच्या इमारतीत खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. तो चिकटवायला मैद्याची खळ केली होती. ती आंबली आणि दोन्ही खोल्यांना शिळ्या पिठाचा वास लागला. दिव्याभोवती पुठ्ठ्याची नळी होती. तिच्यातून खाली पडणारा उजेड ताटाएवढा. त्यात एक वही मावायची किंवा एक ताट, दोन्ही एका वेळी नाही. स्कूटरच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने भरलेला. मंडईतले गाळे दिवस मावळायच्या आत आवरायचे आणि मग तिथून जाताना डोळ्यांपेक्षा नाकावर भिस्त ठेवावी लागायची. ओल्या मटारच्या शेंगा आल्या की डावीकडे वळायचं, पेरू आले की सरळ.

अंधार पाळला जातो की नाही हे बघायला गल्लीत स्वयंसेवक फिरत. त्यांच्या गळ्यात शिट्टी असे आणि आवाजात अधिकार. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. एकाने खालून दम भरला, "तिसरा मजला, उजेड दिसतोय."

वरून उत्तर आलं, "चांदणं आहे. बंद करून दाखवा."

इमारतीत वर्तमानपत्र एकच यायचं, तळमजल्यावरच्या अप्पांकडे. अप्पा गणिताचे निवृत्त शिक्षक. ते आधी वाचत, मग अंक मजल्यामजल्याने वर चढे, आणि दुपारी तो आमच्याकडे पोचेपर्यंत त्यावर अप्पांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा झालेल्या असत. शत्रूची पाडलेली विमानं ते रोज समासात लिहून ठेवत आणि मागच्या बेरजेत मिळवत. वडील एकदा अंक परत द्यायला गेले, तेव्हा अप्पा म्हणाले, "यांचं सगळं खरं धरलं, तर परवापासून त्यांच्याकडे एकही विमान शिल्लक नाही. मग काल भोंगा कुणासाठी वाजवला?"

"अप्पा, हळू बोला. लोक देशद्रोही म्हणतील."

"बेरीज हा देशद्रोह असेल, तर तो मी सरकारी पगार घेऊन शिकवलाय."

वडील हसले नाहीत. त्या डिसेंबरात बेरजेवर हसायची पद्धत नव्हती. शाळेत आम्ही जिंकलेल्या गावांच्या नावांवर नकाशात टाचण्या टोचायचो, आणि टाचणी एकदा टोचली की काढायची सोय नव्हती. बातमी दुसऱ्या दिवशी गप्प झाली तरी टाचणी तिथेच राहायची.

पुढे मी वृत्तपत्रातच नोकरी केली, दुसऱ्या एका दैनिकात, निवृत्त होईपर्यंत. कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जे शिकवलं गेलं ते थोडंच होतं. बातमी कोण सांगतंय. तो तिथे होता का. नसेल तर त्याला कोणी सांगितलं. या तीन प्रश्नांवर टिकते ती बातमी, बाकीचा मजकूर. हे प्रश्न घेऊन अप्पांकडे यायच्या दैनिकाचे युद्धकाळातले जुने अंक वाचायला बसलं की फारसं काही हाती उरत नाही.

डिसेंबर आला की ते अंक काढून बघायची सवय लागली आहे. शहरातल्या एका ग्रंथालयात त्यांचे बांधीव खंड आहेत. कागद चहाच्या रंगाचा झालेला, कडा हातात येतात. पहिल्या पानावर आघाडी, आणि त्याच पानावर तळाशी लोकरी स्वेटरची जाहिरात. आतल्या पानावर आज कोणत्या थिएटरला कोणता खेळ, आणि अंधाराच्या आदेशामुळे शेवटचा खेळ रद्द असल्याची दोन ओळींची सूचना. ही सूचना खरी असणार. तिच्यात कुणाचा काही फायदा नव्हता. तिच्या वर, ठळक अक्षरांत, एक गाव आपल्या ताब्यात आल्याची बातमी आहे. चार दिवसांनी तेच गाव पुन्हा ताब्यात आलेलं आहे. एकच गाव दोनदा जिंकायचं तर मध्ये कधीतरी ते हातातून जावं लागतं, किंवा पहिल्यांदा हाती आलेलंच नसावं लागतं. यांपैकी काय झालं ते मधल्या तीन अंकांत कुठेही नाही. शत्रूचं नुकसान आकड्यांत आहे आणि आपलं विशेषणांत. आपल्या तुकड्या कुठे मागे आल्या असतील, तर त्या "नव्या जागी स्थिर" झाल्या आहेत.

हे सगळं आज ओळखणं सोपं आहे. जुना अंक वाचणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. लिहिणाऱ्याला तो ठाऊक नव्हता. ज्याच्या हातात उत्तरं आहेत त्याने पेपर सोडवणाऱ्याला हसू नये. तरीही संशय राहतो, आणि तो फक्त सरकारी निवेदनांबद्दल नाही. त्या अंकांतल्या सगळ्यात लहान बातम्या, ज्यांना मथळाही धड नाही, त्यांच्याबद्दलही राहतो. अशाच एका बातमीसाठी गेल्या डिसेंबरात हे खंड नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडे राहिले.

त्याची सुरुवात उन्हाळ्यात झाली होती. गेल्या मे महिन्यात पुन्हा सीमेवर तणाव वाढला आणि शहरात भोंग्यांची चाचणी झाली. आता आम्ही धायरीला राहतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये विलासराव असतात, बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे मांजरी गावचे. त्यांच्याकडे त्या दिवसांत त्यांच्या चुलत्याची बायको राहायला आली होती. इंदूबाई, वय सत्तरीच्या पुढे. संध्याकाळी टीव्ही मोठ्याने लागलेला असे. एका वाहिनीने सांगितलं, शत्रूचं एक बंदर उद्ध्वस्त झालं. दुसरीने एक मोठं शहर पडल्याचं जाहीर केलं आणि पडद्यावर धूर दाखवला. सकाळी ते शहर जागच्या जागी होतं. वाहिनीवर त्याबद्दल एक शब्द नव्हता. दुसरं शहर सुरू झालं होतं.

इंदूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरात होता ना? पेपरात पण असंच छापायचे का हो? झालं न्हाई ते झालं म्हणून?"

सांगितलं, की छापलं जायचं. मुद्दाम क्वचित. बहुतेक वेळा घाईत, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून.

"कुणीतरी म्हंजी कोण?"

हा प्रश्न खरा तर पहिल्या आठवड्यात शिकवलेला. विलासरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "काकी, परत तेच नको," ते म्हणाले. पण त्या तेच बोलणार होत्या, आणि बोलल्या.

त्यांचा नवरा मारुती, विलासरावांचा चुलता, पायदळात शिपाई होता. लग्नाला दीड वर्ष झालं असेल तेव्हा युद्ध सुरू झालं आणि तो पश्चिमेच्या आघाडीवर होता. पुढे लष्कराचं पत्र आलं, त्यात बेपत्ता असं लिहिलेलं. मरण पावला असं कधीच कुणी कळवलं नाही. पण ते पत्र यायच्या बरंच आधी, शरणागती झाली त्या आठवड्यात, गावात एक वर्तमानपत्र आलं, अप्पांकडे यायचं तेच दैनिक. त्यात मारुतीचं नाव होतं. जखमी आहे, रुग्णालयात आहे, प्रकृती स्थिर आहे. निदान त्यांच्या सासूबाई तसं सांगत होत्या. इंदूबाई सासूला आत्याबाई म्हणतात, विलासरावांची ती आजी.

"मला तवा अक्षर येत नव्हतं. आत्याबाईंना तर कधीच आलं न्हाई. त्यांनी कागद दाखवला आणि म्हणाल्या, ह्यात हाय. मी बघितला. काळ्या मुंग्या. त्यात कुठं काय हाय ते मला काय कळणार?"

त्यानंतर दोन वर्षांनी इंदूबाईंचे भाऊ त्यांना न्यायला आले. त्यांच्यासाठी एक स्थळ होतं, सासवडकडचं, बायको वारलेला माणूस, एक लहान मुलगी. आत्याबाईंनी घडी घातलेला कागद आणून भावांच्या पुढे ठेवला. माझा लेक जिवंत हाय, पेपरात आलंय, जित्या माणसाच्या बायकोला कुठं घेऊन चाललात? भावांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. जेवले आणि गेले. इंदूबाई त्या घरात राहिल्या. आत्याबाईंचं सगळं शेवटपर्यंत त्यांनीच केलं. तो कागद नंतर उंदरांनी नेला की कुणी चुलीत घातला, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

"आजी गेल्यावर मी स्वतः ग्रंथालयात जाऊन बघितलं," विलासराव म्हणाले. "डिसेंबरातला एकेक अंक. नाव नाही. गावाचंही नाव नाही. आजीने ते उठवलं होतं. पोरगी घरातून जाऊ नये म्हणून."

"तू बघितलंस. मी न्हाई बघितलं," इंदूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. मांजरीत शाळेशेजारी एक दगड बसवायचं चाललं होतं, गावातून लढाईत गेलेल्या जवानांच्या नावांचा. गावच्या तरुण मंडळाची मुलं घरी येऊन विचारून गेली होती, मारुतीकाकांचं नाव घालायचं का. लष्कराच्या कागदात बेपत्ता, म्हणून निर्णय घरच्यांचा. आणि घरचं असं आता एकच माणूस होतं.

"छापलं नसंल, तर आत्याबाईंनी मला फसवलं. मग उद्याच्या उद्या नाव घाला म्हणते, मला कुणाची वाट बघायची न्हाई. आणि छापलं असंल, तर मी जी वाट बघितली ती कशाची तरी बघितली. मग इचार करावा लागंल. मला एवढंच सांगा भाऊ. छापलं व्हतं, का त्यांनी उठवलं?"

विलासरावांच्या शोधावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. बँकेतला माणूस, पानं मोजून उलटणारा. तरी डिसेंबरात तेच खंड पुन्हा काढले, आणि तेच झालं. तीन तारखेपासून महिनाअखेरपर्यंत मांजरीचा उल्लेख दोनदा आला. एकदा उसाच्या रोगाबद्दल, एकदा मालगाडीचा डबा घसरल्याबद्दल. जवानाचं नाव नाही. अंक पूर्ण होते, एकही पान फाटलेलं नव्हतं. इथे प्रकरण संपायला हवं होतं.

बाहेर आल्यावर चहा घेताना मांजरीची बस समोरून गेली. महापालिकेच्या हद्दीत धावणारी, शहराची बस. मांजरी आज पुण्यात आहे. ऊस अजून थोडा उभा आहे, त्याच्या डोक्यावरून बारा-बारा मजले. शहरात आहे म्हणून शहराचा अंक बघितला, विलासरावांनीही आणि त्यांच्यामागून जाणाऱ्यानेही. १९७१ साली मांजरी पुण्यात नव्हती.

त्या काळात मोठ्या दैनिकांच्या रोज दोन आवृत्त्या निघत. आधी डाक आवृत्ती, बाहेरगावची. ती लवकर छापून स्टेशनवर आणि एसटीच्या थांब्यावर न्यावी लागे, म्हणून तिची पानं लवकर बंद होत. गठ्ठे गाडीत चढले की पुन्हा तीच पानं उघडायची, मागाहून आलेल्या बातम्या घालायच्या, तेवढ्याच जुन्या काढायच्या, आणि शहर आवृत्ती छापायची. तारीख तीच, किंमत तीच, जाहिराती त्याच. खेड्यातला माणूस आणि पेठेतला माणूस एकाच नावाचा पेपर वाचत, पण एकच पेपर वाचत असतीलच असं नाही. शहरातलं ग्रंथालय शहर आवृत्ती जपतं. ती त्याच्या दारात येते. डाक आवृत्ती जिथे गेली तिथेच भजी बांधून संपते.

काढलेल्या बातमीची नोंद कुठेही ठेवत नसत. उपसंपादक छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचा तो तुकडा उचलायला सांगे, अक्षरं जुळवणारा जुळारी तो बाजूला ठेवी, सकाळी तो वितळायला जाई. एखादी बातमी खोटी ठरली म्हणून निघाली की चार ओळींची जागा हवी होती म्हणून निघाली, हे त्या टेबलावरच्या माणसालाही आठवड्याने आठवत नसे.

मांजरीच्या पुढे त्याच लोहमार्गावर एक तालुक्याचं गाव आहे. तिथे जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. पहाटेच्या पॅसेंजरने जो गठ्ठा मांजरीला उतरायचा, त्याच गाडीतला दुसरा गठ्ठा तिथे उतरायचा. वाचनालयाने वर्तमानपत्रं रद्दीत घालायची नाहीत असा ठराव कधीतरी केला होता आणि तो मागे घ्यायला कुणी सभा बोलावली नव्हती. ग्रंथपालबाईंनी माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. सुतळीने बांधलेला, वरच्या अंकांना कसर लागलेली.

"युद्धाचंच बघायला येतात सगळे," त्या म्हणाल्या. "शरणागतीचा अंक तेवढा मागू नका. तो कुणीतरी नेलाय."

"त्याच्या नंतरचे आहेत?"

"नंतरचे कोण नेतंय."

बातमी शरणागतीच्या अंकाच्या दुसऱ्या दिवशीच्या, अठरा डिसेंबरच्या अंकात आहे. आतलं पान, शेवटचा स्तंभ, तळच्या जाहिरातीच्या जरा वर. मारुतीचं नाव पूर्ण आहे, वडिलांच्या नावासकट. मांजरीचा हा जवान आघाडीवर जखमी झाला असून त्याच्यावर लष्करी रुग्णालयात उपचार सुरू आहेत आणि त्याची प्रकृती स्थिर असल्याचं समजतं, एवढीच. कोणतं रुग्णालय, ते नाही. शहर आवृत्तीच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. स्तंभ तोच, वरची थिएटरची जाहिरात तीच, खालची दंतमंजनाचीही तीच. मधल्या जागेत शहराच्या अंकात युद्धबंदीवरची परदेशातून आलेली एक प्रतिक्रिया आहे.

म्हणजे छापलं होतं. म्हाताऱ्या बाईने खोटं सांगितलं नव्हतं. इथेही प्रकरण संपवता आलं असतं, आणि ज्याने वृत्तपत्रात नोकरी केलेली नाही त्याने ते संपवलं असतं.

पण त्या बातमीच्या सुरुवातीला, जिथे बातमी कुठून आली त्या गावाचं नाव असतं, तिथे मांजरी असं आहे. खाली कंसात, आमच्या वार्ताहराकडून. लष्कराने कळवलेली नावं दिल्लीहून किंवा मुंबईहून येत, वृत्तसंस्थेच्या नावाने येत, आणि बहुधा यादीत येत. हे एकटं नाव मांजरीहून आलेलं आहे. आघाडीवर काय झालं ते दैनिकाने मांजरीला कळवलेलं नाही. मांजरीने दैनिकाला कळवलेलं आहे. कोण सांगतंय, तो तिथे होता का, नसेल तर त्याला कोणी सांगितलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि तिसरा सुरू झाला.

जानेवारीत विलासरावांबरोबर मांजरीला गेलो. दुपारची वेळ, थंडी असूनही ऊन चटका देणारं. नव्या इमारतींच्या सावल्या जुन्या घरांच्या अंगणात पडतात, त्यामुळे इंदूबाई ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत बसल्या होत्या. मांडीवर सुपात हरभऱ्याचे घाटे. पानाचा फोटो मोठा छापून नेला होता. चष्मा लावून त्यांनी तो स्वतः वाचला. प्रौढांच्या वर्गात शिकलेलं वाचन, बोट अक्षराखाली, ओठ हलत. नावापाशी बोट थांबलं, पुढे गेलं, आणि पुन्हा मागे आलं.

"छापलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"छापलं होतं."

विलासराव खाली बघत होते. "म्हणजे मी जो अंक बघितला तो..."

"खोटा नव्हता. दुसरा होता."

"मी सगळ्यांना सांगत सुटलो. आजी खोटारडी म्हणून." त्यांनी दोन घाटे उचलले, सोलले आणि खायचे विसरले. "बारशाला, लग्नाला, जिथे विषय निघाला तिथे."

अर्धी बातमी देऊन उठता आलं असतं. त्या बाईंना पन्नासहून जास्त वर्षांनी जे हवं होतं ते हातात होतं. पण त्यांनीच उन्हाळ्यात विचारलेला प्रश्न शिल्लक होता, कुणीतरी म्हंजी कोण. म्हणून गावाच्या नावाचं आणि वार्ताहराचं सांगितलं. विचारलं, त्या काळी इथे पेपरला बातम्या कोण पाठवायचं?

"दामूअण्णा," त्या लगेच म्हणाल्या. "ठेसनासमोर दुकान व्हतं. गाडीतनं पेपरचा गठ्ठा तेच उतरून घ्यायचे. तेच इकायचे, आणि सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचून पण दाखवायचे. आत्याबाईंना तो कागद त्यांनीच वाचून दाखवला." मग त्यांनी फोटोतल्या कंसावर बोट ठेवलं. "लिहिलं पण त्यांनीच?"

"वार्ताहर तेच असतील, तर हो."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

ते ठाऊक नाही, असं सांगितलं. दामूअण्णा हयात नाहीत. त्या दिवसांत जखमी जवान घेऊन पुण्याच्या रुग्णालयाकडे जाणाऱ्या गाड्या या मार्गाने जात असतील, तर एखाद्या जवानाने खिडकीतून सांगितलेलं असू शकतं. नसूही शकतं.

इंदूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. ऊन पुढे सरकलं होतं, पण त्यांनी खुर्ची हलवली नाही.

"आत्याबाईंनी घरोघर गूळ वाटला व्हता," त्या म्हणाल्या. "पोराची खबर लागली म्हणून. मला चांगलं ध्यानात हाय, कारण गूळ मीच फोडला, आणि हाताला बत्ता लागला. ते पेपर यायच्या आदल्या दिवशी."

विलासराव म्हणाले, "काकी, इतक्या वर्षांनी आदला दिवस आणि दुसरा दिवस..."

"आदल्या दिवशी. पेपर आला तवा हाताला चिंधी बांधलेली व्हती. त्या हातानं मी कागद धरला." त्यांनी डावा हात उलटा करून पाहिला. त्यावर आता काही नव्हतं. "आणि गूळ वाटायच्या आधी त्या ठेसनावर गेल्या व्हत्या. एकट्या. लढाई सुरू झाल्यापासून रोज जायच्या, गाडी थांबंल तिथं उभ्या राहायच्या. त्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, इंदे, गूळ फोड."

पुढचं त्यांनी मांडलं नाही, आणि मांडायची गरज नव्हती. स्टेशनवर त्या दिवशी आत्याबाई होत्या आणि समोरच्या दुकानात दामूअण्णा होते. गाडीतल्या कुणीतरी त्यांतल्या एकाला सांगितलं असेल. किंवा गाडीतून कुणी काही सांगितलं नसेल, आणि आत्याबाईंनी दामूअण्णांना सांगितलं असेल, दामूअण्णांनी बातमीचं पाकीट संध्याकाळच्या गाडीने दैनिकाला पाठवलं असेल, दैनिकाने छापलं असेल, आणि सकाळी दामूअण्णांनी ते पायरीवर बसून आत्याबाईंना वाचून दाखवलं असेल. दोन्ही गोष्टींना पुरावा तोच, आणि तेवढाच. शहर आवृत्तीच्या टेबलावरच्या माणसाला हा संशय आला म्हणून त्याने बातमी काढली, की त्याला फक्त जागा हवी होती, हेही सांगता येत नाही.

त्या म्हणाल्या, "मला थांबवायला केलं म्हणावं, तर तवा माझं कुठं काय ठरलं व्हतं? भाऊ तर दोन वर्सांनी आले." आणि मग, "त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असंल."

"म्हणजे उठवलंच म्हणायचं," विलासराव म्हणाले.

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हणायचं?"

"तू आता काय म्हणूच नको, इलास. तुझं लई म्हणून झालंय."

आत जाऊन त्यांनी चहा टाकला. बाहेर रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या चार मोटारी गेल्या. विलासरावांनी कपाळ पुसलं आणि हळूच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? जे सांगता येत होतं ते कागदावर होतं.

चहा घेऊन बाहेर आल्यावर त्या उभ्या राहूनच बोलल्या. "पोरांना सांग, नाव घाला."

"नक्की?"

"घाला म्हटलं ना."

विलासरावांनी तिथूनच मंडळाच्या मुलाला फोन लावला. बोलता बोलता त्यांनी हात फोनवर ठेवला. "तारीख विचारतोय. बाकी सगळ्यांच्या नावाखाली तारीख आहे. लष्कराच्या कागदात मृत्यूची तारीख नाही. मोकळी सोडायची का?"

इंदूबाईंनी खुर्चीवरचा कागद उचलला, पानाच्या वरच्या कडेला बोट ठेवलं आणि त्यांच्यापुढे धरला. "ही घाला."

"काकी, ही पेपरची तारीख आहे. यात काका बरे आहेत असं लिहिलंय. गेले असं नाही."

"तवर व्हते, असं कुणीतरी सांगितलंय. त्याच्या फुडचं मला कुणी सांगितलंय का?"

फोनवरचा मुलगा हॅलो, हॅलो म्हणत होता. विलासरावांनी त्याला तारीख सांगितली, त्याच्याकडून ती पुन्हा म्हणवून घेतली.

जानेवारीच्या शेवटी मांजरीत शाळेशेजारी दगड बसवला. मारुतीचं नाव वरून तिसरं आहे. त्याखाली मृत्यूचा दिनांक म्हणून जी तारीख कोरली आहे, ती त्या अंकाची आहे.